लाल खेळ, पिवळा खेळ आणि भिंगमावशी

डिस्कच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढलेल्या त्या बाईला सगळे भिंगमावशीच म्हणायचे. पगाराच्या यादीत तिचं खरं नाव दिसलं की छपाईवाला दर महिन्याला न चुकता विचारायचा, "ही कोण बुवा नवीन?" तिच्या गळ्यात काळ्या दोरीला बांधलेलं एक भिंग असायचं, घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं. ते नवऱ्याचं. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. "माझ्या दुकानातून हिनं एकच वस्तू पळवली आणि तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त नाव कमावलं," असं तो येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचा. सांगताना चेहरा असा खुलायचा त्याचा की चोरीचं दुःख औषधालाही सापडायचं नाही.

आता तिचं काम काय होतं ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्या कामातच घडलं. कारखान्यात व्हिडिओ गेमच्या डिस्क बनायच्या. मशीनमधून डिस्क बाहेर पडते तेव्हा ती नुसती चकचकीत असते, तिच्यावर चित्र नाही की नाव नाही. खेळ आत भरलेला असतो, पण तो माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. अशा शंभर उघड्या डिस्क एका उभ्या दांड्यावर रचून यायच्या भिंगमावशीच्या टेबलावर. ती सगळ्यात वरची डिस्क उचलायची, मधल्या भोकाजवळ मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत कोरलेला नंबर भिंगातून वाचायची, आणि हा खेळ कुठला ते ठरलं की दांड्याच्या डोक्यावर रंगीत बिल्ला अडकवायची. पुढं छपाईवाला फक्त बिल्ल्याचा रंग बघायचा आणि त्याप्रमाणे डिस्कवर चित्र छापायचा. म्हणजे बिल्ला चुकला की संपलंच. चित्र एका खेळाचं आणि आत खेळ दुसराच, आणि बाहेरून बघून ब्रह्मदेवालाही कळणार नाही. म्हणून टेबलाचा नियम एकच होता. टेबलावर एका वेळी एकच दांडा. हा नियम भिंगमावशीनंच घालून दिलेला, आणि नव्या माणसांना तो ती इतक्या वेळा ऐकवायची की गाडीवाला तिची नक्कल करून दाखवायचा.

कारखान्यात खेळांना नावानं कुणी हाक मारत नसे. रंगानं ओळखायचे. त्या वर्षी लाल आला आणि कारखान्याचं वातावरणच बदलून गेलं.

लाल म्हणजे काय प्रकरण होतं, विचारू नका. आठशे माणसांनी सहा वर्षं खपून केलेला खेळ. ग्रहांची लढाई, तिसरा भाग. शहरात जिकडं मान वर करावी तिकडं त्याची जाहिरात, एका अकरा मजली इमारतीची तर सगळी भिंत झाकून टाकलेली. ज्या शुक्रवारी तो दुकानात येणार, त्या शुक्रवारी दुसरा खेळ आणायची कुणाची छाती नव्हती. मोठमोठ्या कंपन्यांनी आपापल्या तारखा गुपचूप पुढं ढकलल्या. कारखान्यात तीन हजार दांड्यांची ऑर्डर आली, म्हणजे तीन लाख डिस्क. एवढे दांडे उभे करायला जागा पुरेना, तेव्हा जेवणाच्या हॉलमधली टेबलं बाहेर काढली आणि सगळे आठवडाभर जिन्यात बसून जेवले. सव्वीस वर्षांत एवढं भिंगमावशीनंही पाहिलं नव्हतं. जाता येता ती त्या हॉलच्या दारात क्षणभर थबकायची. आठशे माणसांची सहा वर्षं अशी ओळीनं उभी राहिलेली बघून तिच्या अंगावर काटा यायचा.

आणि त्याच शुक्रवारी येणारा दुसरा एक खेळ होता, पिवळा. तीनशे दांडे. अकरा माणसांची कंपनी, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर.

त्या अकरांतली एक भिंगमावशीची मुलगी.

ही गोष्ट कारखान्यात कुणालाच माहीत नव्हती. आधी मावशीला सांगायला संकोच वाटला. मग इतके दिवस उलटले की आता सांगितलं तर लोक म्हणतील, चार वर्षं काय तोंड शिवलं होतं का हिचं? म्हणून राहिलं ते राहिलंच.

पिवळ्या खेळात लढाई नव्हती. एक नावाडीण होती, आणि ती माणसांना नदीपलीकडं नेऊन सोडायची. बस, एवढंच. त्या नदीचं पाणी मुलीनं केलं होतं. चार वर्षं तिनं बाथरूममध्ये बादल्या भरल्या, पेल्यानं पाणी ओतलं, चमच्यानं ढवळलं आणि त्याचं चित्रण केलं. सकाळचं पाणी वेगळं, वल्ह्याखालचं वेगळं, काठाला लागून थांबलेलं वेगळं. मावशी फरशी पुसून पुसून वैतागायची. "तुझ्या बापानं आयुष्यात एवढी घड्याळं नाही उघडली जेवढ्या बादल्या तू उपड्या केल्यास," म्हणायची. पण एकदा मुलीनं तिला ते पाणी पडद्यावर दाखवलं, तेव्हा मावशीनं नकळत साडी जरा वर उचलून धरली. नवरा दोन दिवस हसत होता.

"पण लालच्याच दिवशी का गं आणताय?" मावशीनं विचारलं होतं.

"त्या दिवशी सगळं गाव दुकानात असणार, आई. लढाया नको असलेलीही माणसं असतातच की त्यांच्याबरोबर. ती काय घेणार? आम्ही एकटेच उभे असू तिथं."

"आणि नाही घेतला कुणी तर?"

"तर बेकरीवाल्याला खोली परत." मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती. "आमच्याकडं पुढचा खेळ करण्याइतके पैसे उरले नाहीत. हा शुक्रवार चुकला तर आम्ही संपलो."

हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की मावशीला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

आणि मग तो मंगळवार उजाडला. सकाळपासून पिवळ्याचे दांडे जुन्या दोन नंबरच्या मशीनवरून टेबलावर येत होते, दुपारी त्यांतलाच एक समोर आला. मावशीनं वरची डिस्क उचलली, नंबर वाचला, आणि बिल्ला हातात घेतला. इथवर सगळं रोजच्यासारखं. पण डिस्क काही खाली ठेववेना. ती तशीच खिडकीशी गेली आणि डिस्क उन्हात धरली. एवढीशी चकती. तिच्यात मुलीची चार वर्षं होती, बाथरूममधलं सगळं पाणी होतं, आणि वजन मात्र काहीच नव्हतं. किती वेळ ती तिथं उभी राहिली तिचं तिलाही सांगता आलं नसतं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मात्र तिला आठवत होतं.

तेवढ्यात गाडीवाल्यानं लालचा एक दांडा टेबलावर आणून ठेवला आणि तो निघून गेला. मावशी वळली, समोरच्या दांड्यावर हातातली डिस्क ठेवली, वर पिवळा बिल्ला अडकवला आणि दांडा छपाईकडं ढकलला. दुसरा दांडा तिनं नेहमीसारखा तपासला, तो पिवळा निघाला, त्यालाही पिवळा बिल्ला लावला. ज्या बाईच्या हातून सव्वीस वर्षांत एक बिल्ला चुकला नव्हता, तिनं लालच्या शंभर डिस्क पिवळ्यात पाठवल्या आणि तिला पत्ताही लागला नाही.

बुधवारी सकाळी अकराला मोजणीत भानगड उघडी पडली. लालचा एक दांडा कमी, पिवळ्याचा एक जास्त. मॅनेजर टेबलाशी आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. लालची एक डिस्क जरी दुसऱ्याच्या डबीतून बाहेर गेली असती तरी लालवाल्यांनी कारखान्याला कोर्टात खेचलं असतं.

"लालचा ट्रक जाऊ दे," तो म्हणाला. "पिवळ्याची सगळी ऑर्डर थांबवा. एकेक डिस्क मशीनवर वाचून बघायची."

"त्याला चार दिवस लागतील, साहेब," छपाईवाला म्हणाला.

"लागू देत. छोटी कंपनी आहे. त्यांचा शुक्रवारऐवजी मंगळवार होईल, काय आभाळ कोसळतंय?" मग तो गाडीवाल्याकडं वळला. "तुला किती वेळा सांगितलंय, दांडे नीट आणत जा म्हणून?"

गाडीवाला गोरामोरा झाला.

भिंगमावशीला आतापर्यंत सगळं आठवलं होतं. खिडकी, ऊन, हातातली डिस्क. गप्प बसली असती तर गाडीवाल्यावर भागलं असतं. तिच्यावर संशय घ्यायची कुणाची प्राज्ञा नव्हती. पण आपल्या चुकीसाठी दुसऱ्याची मान खाली गेलेली बघणं तिच्या रक्तात नव्हतं.

"त्याला बोलू नका. मी केलंय ते," ती म्हणाली.

आधी कुणाचा विश्वास बसेना. मग तिनं सगळं सांगितलं. खिडकीशी का गेले, हेही सांगितलं. खेळ कुणाचा आहे हे कळल्यावर मॅनेजर बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला. त्याच्या मनात काय आलं ते मावशीला वाचता आलं, आणि तिला ते लागलं.

"मुद्दाम केलं असतं," ती म्हणाली, "तर लालच्या डबीत पिवळा घातला असता, साहेब. उलटं कशाला केलं असतं?"

मॅनेजरनं मान हलवली. ते त्याला पटलं.

"पिवळ्याचा ट्रक चारला आहे ना? मला चारपर्यंत वेळ द्या. शोधून देते."

"तीस हजार डिस्कमधून?"

"काठ बघून."

लोकांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. छपाई झाल्यावर सगळ्या डिस्क वरून सारख्याच दिसत होत्या, पिवळं चित्र, नदी, नाव. शिवाय छापताना खराब निघालेल्या बाजूला पडतात, त्यामुळं शंभराचा हिशेब पुढं सरकतो. चुकीच्या शंभर आता दोन दांड्यांच्या मधे कुठंतरी वाटल्या गेलेल्या असणार. वरची डिस्क बघून काही कळायचं नाही. पण मावशीचं म्हणणं असं, की लाल नव्या मशीनवर निघतो आणि पिवळा जुन्या दोन नंबरवर. दोन नंबरच्या डिस्कचा काठ जरासा धुरकट असतो. सव्वीस वर्षं बघतेय मी.

"मला तर दोन्ही सारखेच दिसतात," मॅनेजर म्हणाला.

"तुम्हाला नाही दिसलं तरी चालेल. दिवे घालवा आणि खिडकीवरचा पडदा काढा."

दिवे गेले. खिडकीतून ऊन आत आलं. मावशी खिडकीपाशी स्टुलावर बसली, आणि गाडीवाला एकेक दांडा आणून तिच्यासमोर ठेवू लागला. ती दांडा बोटानं हळूच एक गिरकी फिरवायची, काठावर खालून वर नजर न्यायची आणि म्हणायची, "ने." भिंग तिनं डोळ्याला लावलंसुद्धा नव्हतं. ने. ने. ने. पन्नास झाले, शंभर झाले. छपाईवाला आपलं मशीन सोडून दारात येऊन उभा राहिला. पॅकिंगच्या बायका आल्या. मॅनेजर सारखा घड्याळ बघत होता, मग त्यानं तेही सोडलं. दीडशे झाल्यावर मावशीच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, ते ती पदरानं टिपायची आणि पुढच्या दांड्याला हात घालायची. एक वाजला. दीड वाजला. एकदा ती एका दांड्यापाशी थांबली, दारातली माणसं पुढं सरकली, आणि ती म्हणाली, "नाही. ने."

एकशे अठ्ठ्याऐंशीव्या दांड्यावर तिनं नख टेकवलं.

"इथून वरच्या." मग पुढचा दांडा मागवला. "आणि ह्यातल्या इथपर्यंत."

मोजल्या तर पहिल्या दांड्यात अडतीस निघाल्या, दुसऱ्यात एकोणसाठ. मॅनेजरनं स्वतः सत्त्याण्णव डिस्क मशीनवर घातल्या. सगळ्या लाल. एकही चुकीची नाही.

"तीन कमी आहेत," मॅनेजर म्हणाला.

"छपाईत बाद झाल्या असतील. त्याच्या पेटीत बघा."

छपाईवाल्यानं बाद डिस्कची पेटी टेबलावर उपडी केली. मावशीनं आता भिंग लावलं आणि मधल्या भोकाजवळचे नंबर वाचले. पस्तीसेक डिस्क होत्या, त्यांतल्या बरोबर तीन लाल निघाल्या.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. असं काही बघितल्यावर टाळ्या वाजवायचं सुचत नाही. पॅकिंगमधल्या एका बाईनं पुढं होऊन मावशीच्या डोळ्यांना हात लावला, आणि मग आपला हात आपल्याच कपाळाला लावला. तीन वाजून पन्नास मिनिटांनी पिवळ्याचा ट्रक फाटकातून बाहेर पडला.

नियम मात्र नियम असतो. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं मावशीला तपासणीच्या टेबलावरून उठवलं. "दुसरं कुणी असतं तर घरी पाठवलं असतं," म्हणाला. तिला बिल्ल्यांच्या खोलीत बसवलं. तिथं नव्या ऑर्डरी येतात, त्या बघून बिल्ल्यांवर आकडे घालायचे. "कुठल्या खेळाच्या किती डिस्क मागवल्यात, हे सगळ्यात आधी इथं कळतं, मावशी. त्या त्या कंपनीनं जाहीर करेपर्यंत या खोलीबाहेर शब्द जाता कामा नये. घरी तर नाहीच नाही." तो तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला. मावशी म्हणाली, "नाही जायचा." भिंग तिनं नवऱ्याला परत दिलं. नवरा त्या दिवशी गिऱ्हाइकांना काहीच बोलला नाही. मुलीला तिनं एवढंच सांगितलं, की डोळे थकले म्हणून काम बदलून मिळालं.

शुक्रवारी ती आणि नवरा दुकानासमोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिले. लालसाठीची रांग तीन कोपरे वळून गेली होती. लोक खुर्च्या घेऊन आले होते. पिवळा दारालगतच्या एका फळीवर होता. एक मध्यमवयीन गृहस्थ बराच वेळ डबीच्या मागचं वाचत राहिले, डबी ठेवून दिली, चार पावलं गेले, परत फिरले आणि घेऊन गेले. नवरा बोटांवर मोजत होता. तासाभरात सात.

पुढच्या तीन आठवड्यांत काय झालं ते थोडक्यात सांगतो. लालनं पहिल्याच दिवशी दीड लाख डिस्क विकून जुने सगळे विक्रम धुळीला मिळवले. सगळीकडं लालचाच जयजयकार. पिवळा पहिल्या आठवड्यात यादीत नव्हताच. दुसऱ्या आठवड्यात अडतिसावा आला. तिसऱ्या आठवड्यात कुठं गेला ते मुलीनं सांगितलं नाही, आणि बुधवारी ती आपला चहाचा कप आणि खुर्चीवरची उशी घरी घेऊन आली. सोमवारी सकाळी दहाला सगळ्यांना बोलावलं होतं, खेळ विकणारी कंपनी येऊन निकाल सांगणार होती. एका जाहिरातवाल्यांकडं मोटारींची चित्रं रंगवायचं काम तिला मिळत होतं. त्यांना सोमवारी दुपारपर्यंत उत्तर हवं होतं.

गुरुवारी साडेदहाला बिल्ल्यांच्या खोलीत एक कागद आला. पिवळा. बाराशे दांडे.

मावशीनं शून्यं मोजली. मग कागद उलटा करून ठेवला, पाणी प्यायली, आणि सरळ करून पुन्हा मोजली. एक लाख वीस हजार. पहिल्या वेळेच्या चौपट. कुणी जाहिरात केली नव्हती, भिंती रंगवल्या नव्हत्या. ज्यांनी नेला त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं, त्या दुसऱ्यांनी आणखी कुणाला सांगितलं, आणि इतकी माणसं नदीकाठी येऊन उभी राहिली की दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या. मावशी त्या कागदाकडं बघत राहिली. तीन हजार दांडे बघून अंगावर काटा आला होता, पण हे वेगळं होतं. मग तिनं पिवळे बिल्ले पुढं ओढले आणि त्यांच्यावर आकडे घालायला घेतले.

आणि मग ती घरी गेली आणि गप्प बसली.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी मुलीनं बाथरूममधल्या बादल्या शेजारणीला देऊन टाकल्या, मावशीनं त्या दारापर्यंत नेऊन दिल्या. रविवारी दुपारी मुलगी तिच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडली. "आई, मोटारींचं काम घेऊ का गं? मला काहीच कळत नाही. तू सांग ना."

सोमवारी दहा. उत्तर दुपारी. मावशीनं मनात हिशेब केला. मुलीच्या केसांतून हात फिरवत ती म्हणाली, "तुझं तू बघ, बाळा." जन्मात तिनं मुलीला इतकं कोरडं उत्तर दिलं नव्हतं.

सोमवारी साडेअकराला फाटकावरच्या फोनवर मावशीला बोलावणं आलं. पलीकडं मुलगी होती, आणि तिच्या मागं दहा माणसांचा गलका.

"आई, एक लाख वीस हजार परत छापताहेत. आम्ही पुढचा खेळ करतोय. आई, ऐकतेस ना?"

मावशीला आश्चर्य वाटल्याचं सोंग वठेना. ती नुसती "हं" म्हणाली.

गलका चालूच होता.

"छापतात तुमच्याकडं ना," मुलगी सावकाश म्हणाली. "तुला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"म्हणजे काल मी रडत होते तेव्हा..."

"हो."

मुलीनं अगदी हळू आवाजात विचारलं, "तुला जमलं तरी कसं गं?"

"एकदा नव्हतं जमलं," मावशी म्हणाली. "कामावर असताना तू मनात आलीस, आणि तुझा खेळ त्या शुक्रवारी दुकानात पोचलाच नसता, माझ्यामुळं. म्हणून या वेळी जमवलं."

"म्हणजे? काय झालं होतं?"

"घरी आल्यावर सगळं सांगते. ऐकून घे, मग काय रागवायचं ते रागव." तिनं फोन ठेवला, तोंडावर पाणी मारलं, आणि बिल्ल्यांच्या खोलीत परत गेली. अजून तीनशे बिल्ल्यांवर आकडे घालायचे राहिले होते.